पाचवा गिअर कोणाच्या फायद्याचा?



जुन्या जीपला पाच गिअरची पेटी बसव, डिझेल वाचेल, असे मिस्त्री सांगतो. पैसे मोजण्याआधी हिशेब मांडा.

चौथ्या गिअरमध्ये शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा एक फेरा लागतो. पाचव्यात साधारण ०.८ फेरा पुरतो. आवाज घटतो, झीज घटते. पण कुठे? धुळे–जळगावसारख्या सपाट रस्त्यावर. कापूस भरून कन्नड घाट चढताना किंवा पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडरस्त्याला खालचाच गिअर लागतो. तिथे पाचवा नुसता शोभेचा.

समजा, लिटरला १० चे ११ किलोमीटर झाले. वर्षाला ३,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे २७ लिटर वाचले. ९० रुपयांच्या भावाने २,४३० रुपये. पेटी, क्लच प्लेट, शाफ्ट कापणे-जोडणे, मजुरी हे सारे त्यातून कधी फिटणार? वर्षाला ३०,००० किलोमीटर भाड्याने फिरणाऱ्याची बचत मात्र दहापट. त्याने विचार जरूर करावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधन घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून पेटी उघडण्याआधी परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

कापसाच्या भावात नवी गाडी बसत नाही, म्हणून शेतकरी जुनी चालवतो. हा काही शौक नव्हे. तेव्हा कोणत्या जुन्या गाडीला कोणती पेटी चालेल, याची मराठीतली यादी सरकारने कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. आधी नियम सांगा, मग दंड मागा!