गच्चीवरचे वारकरी

गेल्या हिवाळ्यात सिरपूर तलावावरून आल्यावर भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, आपल्या गच्चीवर चाळीस वारकरी उतरले होते का गं?"

वारकरी म्हणजे पंढरीचे नव्हेत. कपाळावर पांढरा टिळा असलेला तो काळा पाणपक्षी. झालं होतं असं, की यादी मी तलावावर कागदावर केली आणि घरी पोहे खाताना ई-बर्ड या अ‍ॅपवर चढवली. जागा काही तपासली नाही. मोबाइलने आमचं घरच धरलं आणि नकाशावर सगळे वारकरी आमच्या गच्चीवर जाऊन बसले.

हसून झालं, नोंद दुरुस्तही झाली. पण अशा नोंदींचं पुढे काय होतं ते कळल्यावर मी जागेच्या बाबतीत भलतीच काटेकोर झाले आहे.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2023चा अहवाल बघा. त्यात 942 जातींचा आढावा आहे आणि त्यामागे 30 हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदी आहेत. यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी लोक. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ 30 टक्के किंवा त्याहून जास्त घटलेल्या जातींमध्ये आहे, हे या नोंदींमुळेच समोर आलं. रोज तारेवर दिसणारा पक्षी कमी होतोय, हे एकट्यादुकट्याच्या डोळ्याला कळत नाही.

नोंद करायची रीत सोपी आहे. निदान 15 मिनिटं पाहायचं. वेळ, चाललेलं अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या लिहायची. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहायचे. कावळा, साळुंकी, कबूतर वगळायचं नाही. यादी पूर्ण असली तरच न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. फक्त दुर्मीळ पक्षी टिपले, तर चिमणी खरंच नव्हती की आपण लिहिली नाही, हे कळणार कसं? आणि ओळख पटली नाही तर नुसतं 'बदक' लिहा. ठोकून दिलेल्या नावापेक्षा ते बरं.

आता नकाशाकडे येऊ. अहमदाबादच्या इस्रो केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांचा अ‍ॅटलास केला. 2011च्या त्या अ‍ॅटलासमध्ये सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 जागा आखलेल्या आहेत. त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागा मात्र नुसते ठिपके आहेत. आपल्या कॉलनीमागची तळी बहुतेक या ठिपक्यांतलीच. त्यांचा काठ कुठवर, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, सांडपाण्याचा नळ कुठे सुटतो, हे रोज तिथून जाणाऱ्यालाच ठाऊक असतं.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर असं तळं कोणालाही आखता येतं. दर ऋतूत एकाच जागेवरून फोटो काढून तारीख लिहून ठेवली, की भराव कधी पडला तेही दिसतं. मात्र आपण आखलेली रेघ म्हणजे कायदेशीर हद्द नव्हे. त्यासाठी महसुली खसरा लागतो आणि 2017च्या नियमांनुसार पाणथळ जागा म्हणून अधिसूचना निघावी लागते. तरीही अर्जासोबत दोन वर्षांचे फोटो, पक्ष्यांच्या याद्या आणि नकाशा जोडला असेल, तर "इथे तळं नव्हतंच" म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

हे इंदूरला नवं नाही. होळकरांच्या काळात बांधलेला सिरपूर तलाव आज टिकून आहे, त्यामागे नागरिकांची अनेक वर्षांची चिकाटी आहे. त्यात पुढे होते आपले पद्मश्री भालू मोंढे, मूळचे चित्रकार आणि छायाचित्रकार. 2022मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत आले. 2025च्या जानेवारीत इंदूरला 'पाणथळ शहर' म्हणून रामसरची मान्यता मिळाली. उदयपूरसह देशातली ही पहिलीच दोन शहरं. मोठे तलाव असे नावारूपाला आले, पण कॉलनीमागच्या तळ्याकडे कोण बघणार? तळं एकदा प्लॉट झालं की परत तळं होत नाही.

एक पथ्य पाळा. घरट्याचा फोटो आणि नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. पक्ष्यापेक्षा गर्दी लवकर पोचते.

फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. त्याआधी एखाद्या रविवारी आजी-आजोबांना घेऊन जवळच्या तळ्यावर जा. पूर्वी पाणी कुठपर्यंत होतं ते त्यांना विचारा, तिथे उभं राहून फोटो घ्या, मग पक्षी मोजा. आणि यादी चढवण्याआधी जागा तपासा, नाहीतर वारकरी तुमच्याही गच्चीवर येतील.