यंत्राचा सल्ला आणि कप्तानाची मुखत्यारी

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतून न्हावा-शेव्याच्या वाटेला लागलेला माल पाहताना समुद्र आपल्यापासून फार दूर आहे, असे आम्हा पारनेर तालुक्यातील लोकांना वाटते. परंतु ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन कंटेनर पाण्यात कोसळले, तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, तेव्हा हे अंतर किती फसवे आहे ते कळून चुकले. अशी आपत्ती टळावी म्हणून सुकाणूवरील अधिकाऱ्याला सल्ला देणारी संगणकीय यंत्रणा आता जहाजांवर येऊ लागली आहे. तिचे मी मनःपूर्वक स्वागत करतो, मात्र एका अटीवर.

समोरचे जहाज किती जवळून जाईल आणि त्या क्षणाला किती मिनिटे उरली आहेत, हे रडारचा पडदा आजही सांगतो. नवी यंत्रणा कोणत्या बाजूस किती अंश वळावे, हेही सुचवते. परंतु समुद्रातील टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील सातवा नियम बजावतो, की धोक्याविषयी संशय असेल तर धोका आहे असेच मानावे, आणि रडारच्या अपुऱ्या माहितीवरून अनुमान बांधू नये. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ व ‘स्टॉकहोम’ या जहाजांनी परस्परांना रडारवर पाहिले होते. तरीही एकाने डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे सुकाणू फिरवले आणि ५१ माणसे प्राणांस मुकली.

म्हणून अट ही, की यंत्राने आपला संशय लपवू नये. मासेमारीबंदी उठल्यावर, ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात, लाटांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींच्या दाटीत लाकडी होडीचा क्षीण ठिपका विरून जातो, आणि त्या होडीवर स्वतःची ओळख कळवणारे उपकरण नसले तर संगणकाच्या हिशेबी ती अस्तित्वातच नसते. अशा वेळी ‘मार्ग मोकळा’ असा निःशंक निर्वाळा देणारे यंत्र यंत्र नसण्याहूनही घातक. ‘येथे मला नीट दिसत नाही’ असे ते स्पष्ट दाखवील, तरच नौवहन महासंचालनालयाने त्यास मंजुरी द्यावी.

आणखी एक तजवीज हवी. सल्ला नाकारणे हाच गुन्हा ठरू लागला, तर नोकरीच्या भयाने अधिकारी डोळे मिटून त्याचा अंमल करतील. यास्तव अपघातानंतर त्यांच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी, यंत्राने त्या क्षणी काय दाखवले व काय दाखवले नाही, याची दप्तरी नोंद चौकशी अधिकाऱ्यापुढे असलीच पाहिजे.