भट्टीवर गेलेल्या पोरांची सुई चुकता कामा नये



दिवाळी झाली की भोर-वेल्ह्यातल्या आपल्या कातकरी वाड्या ओस पडतात. बिऱ्हाडं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. याच महिन्यांत पोरांची गोवराची सुई चुकते. आम्ही म्हणतो, वनजमिनीच्या दाव्याइतकाच हाही हक्काचा प्रश्न आहे.

सुई करते काय? समजा, खोटे कागद घेऊन कोणी जमीन मोजायला आला. पहिल्या खेपेला गावाला कळेपर्यंत नुकसान होतं. पण एकदा ओळख पटली, की पुढच्या वेळी तो वेशीवर दिसताच सगळं गाव उभं राहतं. शरीराचंही तसंच. लसीत दुबळा केलेला गोवराचा विषाणू असतो. त्याच्याशी झुंजताना रक्तातल्या काही पेशी त्याची ओळख धरून ठेवतात. खरा गोवर आला की त्या लगेच तुटून पडतात.

जाणती माणसं म्हणतात, गोवर येऊन गेला की पोर घट्ट होतं. हे अर्धंच खरं. गोवर सहसा परत येत नाही, पण त्यातून न्युमोनिया, जुलाब होऊन पोर दगावू शकतं. शिवाय दुसऱ्या रोगांची शरीराने जपलेली ओळखही गोवर पुसतो, हे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. चोराने जाता जाता गावाचं दप्तरच जाळावं, तसं. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे साथ आली, त्यात पोरं गेली.

पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. एकाच डोसावर शंभरातली पंधराएक पोरं कच्ची राहतात, म्हणून दुसरा. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सुईनंतर काही पोरांना थोडा ताप येतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो. त्याला घाबरून दुसरा डोस सोडू नका.

पण सगळा भार आईबापावर का? मजुरी बुडवून कोण दवाखाना शोधत फिरणार? पोर सुईपर्यंत पोचत नसेल, तर सुई पोरापर्यंत आली पाहिजे. बिऱ्हाडं निघण्याआधी वाडीत लसीकरण झालं पाहिजे, हंगामात नर्सबाई भट्टीवर आली पाहिजे, आणि कार्ड दुसऱ्या तालुक्याचं म्हणून कोणी पोराला परत पाठवता कामा नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल मागा.

आणि पोराचं लसीचं कार्ड दाव्याच्या पावतीसारखं जपा. भट्टीवर जाताना बरोबर न्या.