किल्लारीचा धडा आणि मावळचे बेघर

घराचा प्रश्न निसर्गाच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याची राज्यकर्त्यांची सवय जुनी आहे. भूकंप झाला, दरड कोसळली, पूर आला की मंत्र्यांचे दौरे निघतात, मदतीचे आकडे जाहीर होतात आणि बेघरांचा कैवार घेतल्याचा देखावा उभा राहतो. वस्तुतः आपत्तीच्या आदल्या दिवशीही तीच माणसे त्याच मोडक्या भिंतींच्या आड राहत असतात. त्या दिवशी मात्र त्यांचे घर हा कोणत्याही खात्याच्या चिंतेचा विषय नसतो. भूकंप माणसाला बेघर करतो हे अर्धसत्य आहे. समाजाने ज्याला धड घर दिलेले नसते, त्याचे नसलेले घर भूकंप केवळ उघडे पाडतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जे घडले त्याचे स्मरण या दृष्टीने ठेवले पाहिजे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे काही क्षणांत गेली. त्या भूकंपाहून मोठे भूकंप जगात अनेक ठिकाणी होतात आणि तेथे इतकी माणसे मरत नाहीत. येथे माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदाची अजस्र ओझी अंगावर कोसळल्यामुळे. सिमेंट, लोखंड आणि कुशल गवंडी परवडत नसल्याने शेतकरी आणि शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या हाताशी असलेला दगड आणि माती वापरीत आले होते. त्याच्या आधी २६ वर्षे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या खोऱ्यात हेच घडून गेले होते. तो इशारा पुरेसा होता. त्यातून महाराष्ट्रातील खेड्यांच्या घरबांधणीचा कार्यक्रम मात्र कोणी हाती घेतला नाही.

किल्लारीनंतर शासनाने काय केले? ५२ गावे नव्या जागी संपूर्णपणे वसवली. शेकडो गावांतील घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम घेतला. जागतिक बँकेचे कर्ज आले, देशातून आणि परदेशांतून देणग्या आल्या. समाजवादी चळवळीतील माणसांनीही आपला वाटा उचलला. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे राहिले. या साऱ्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. उलट, त्यातून निघणारा निष्कर्ष ठणकावून सांगितला पाहिजे. शासनाने ठरवले तर जमीन मिळते, पैसा मिळतो, अभियंते मिळतात आणि हजारो घरे काही वर्षांत उभी राहतात. तेव्हा ‘शासनाची ताकद नाही’ हे उत्तर १९९३ नंतर कोणीही देऊ नये.

तथापि किल्लारीच्या पुनर्वसनाचा दुसरा धडा कडू आहे. नव्या गावांत कोणाला केवढे घर मिळावे हे जमीनधारणेवर ठरले. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. ज्याच्या घरात नऊ माणसे त्याला एक खोली आणि ज्याच्या नावावर सातबारा मोठा त्याला प्रशस्त घर, हा न्याय भूकंपाने केला नव्हता. भूकंपाने वाडा आणि खोपटे एकाच रात्री जमीनदोस्त केले होते. शासनाने मात्र जुनी विषमता काँक्रीटमध्ये ओतून कायमची केली. शिवाय आराखडे शहरातल्या टेबलांवर झाले. सरळ रेषेतले रुंद रस्ते आले, जुन्या गावठाणाच्या कित्येक पटींनी जमीन नव्या गावांखाली गेली, पण गोठा कोठे बांधायचा आणि कडबा कोठे रचायचा हे कोणी विचारले नाही. याउलट ज्या गावांत लोकांनी आपापली घरे स्वतः दुरुस्त केली, गवंडी तयार केले आणि गावच्याच स्त्रियांनी ‘संवाद साहाय्यक’ म्हणून कामावर लक्ष ठेवले, तेथे घर हे घरवाल्याचे राहिले. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये घरमालकाच्या हाती बांधकाम देण्याची जी पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

आता मावळाकडे पाहावे. मावळात किल्लारीसारखा भूकंप झाला नाही. मावळात धरणे झाली. १९१० नंतरच्या काही वर्षांत टाटांच्या वीज कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. शेजारच्या मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकरी १९२१ पासून तीन वर्षे झगडले आणि हरले. स्वातंत्र्य आले, तरी बुडणारे बदलले नाहीत. १९७२ च्या सुमारास पवना धरण पुरे झाले. त्याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वाढली, आणि ज्यांच्या जमिनी व घरे पाण्याखाली गेली त्यांतील शेकडो खातेदार चार दशकांनंतरही पुनर्वसनासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, पवनेचे पाणी बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. एक स्त्री आणि दोन पुरुष ठार झाले. किल्लारीला जे शासन दोन-चार वर्षांत गावे वसवते, ते पवनेच्या काठी दोन पिढ्या का घेते? उत्तर सरळ आहे. किल्लारीकडे जगाचे डोळे लागले होते. धरणग्रस्ताचे घर पाण्याखाली शांतपणे बुडते, त्याचे छायाचित्र कोणी छापत नाही.

लोणावळ्याचे चित्र याहून बोलके आहे. मुंबई-पुण्याच्या धनिकांचे बंगले येथे डोंगराच्या कुशीत रांगेने उभे आहेत. आठवड्याचे पाच दिवस त्यांची दारे बंद असतात, कित्येकांची वर्षाचे दहा महिने बंद असतात. त्या बंगल्यांची झाडलोट करणारी बाई, बागेला पाणी घालणारा माळी, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा, चिक्कीच्या कारखान्यातला कामगार हे मात्र भाड्याच्या एका खोलीत, ओढ्याच्या कडेला नाहीतर डोंगरउतारावरच्या पत्र्याखाली राहतात. तळेगाव-वडगावच्या पट्ट्यातील कंत्राटी कामगारांची स्थिती निराळी नाही. हे केवळ लोणावळ्याचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी आढळली. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, केंद्र सरकारच्याच तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले आणि त्या तुटीतील ९५ टक्क्यांहून अधिक वाटा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा असल्याचे नमूद केले. एकीकडे माणसांवाचून घरे आणि दुसरीकडे घरांवाचून माणसे. याला टंचाई म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. हा वाटपाचा प्रश्न आहे.

त्यातच मावळच्या डोंगरांतील वाड्यांवर दुसरे संकट टांगलेले आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. नवे माळीण आमडे येथे वसवून एप्रिल २०१७ मध्ये घरे ताब्यात दिली, तो त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात वसाहतीतील भराव खचला आणि रस्त्यांना भेगा पडल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खंडाळ्याच्या घाटाखाली, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसांचा शोध अखेर थांबवावा लागला. ही वाडी धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती, असे खुलासे मग सत्ताधाऱ्यांनी केले. वाचलेल्यांना कंटेनरमध्ये ठेवण्यात आले. जी यादी इर्शाळवाडीला ओळखत नाही, तिच्या भरवशावर नाणे मावळ आणि पवन मावळातील वाड्यांनी झोपावे काय?

कातकऱ्यांची गोष्ट तर याहूनही बिकट. त्यांच्या कित्येक वस्त्यांतील झोपडीखालची जमीनच त्यांची नाही. आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये केंद्राने पक्क्या घरांची योजना जाहीर केली, पण जमिनीचा कागद नसेल तर अनुदानाचे घर उभे राहणार कोठे? २००६ चा वनहक्क कायदा कसण्याच्या जमिनीबरोबर राहत्या जागेचाही हक्क मानतो. त्या कायद्याचे दावे फायलींत कुजत ठेवणे आणि दुसरीकडे घरकुलांच्या जाहिराती लावणे ही क्रूर थट्टा आहे.

या मागणीला दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा, की जमीन कोठून आणायची? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगरमाथ्यावर अँबी व्हॅलीकडे नजर टाकावी. तेथे श्रीमंतांसाठी रस्ता, पाणी आणि वीज पोहोचवताना जमीन कमी पडली नाही. शहरांतील जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी म्हणून १९७६ मध्ये केलेला नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये मोडीत काढला. जमिनीचा दुष्काळ आहे तो कष्टकऱ्यांपुरता. दुसरा आक्षेप असा, की बंगल्यांमुळे स्थानिकांना रोजगार मिळतो, म्हणून त्यांना धक्का लावू नये. रोजगार मिळतो हे खरे. पण त्या रोजगाराच्या मजुरीत जवळपास खोली भाड्याने घेता येत नाही, कारण जमिनीचे भाव त्याच बंगल्यांनी चढवले आहेत. एका हाताने मजुरी देऊन दुसऱ्या हाताने डोक्यावरचे छप्पर काढून घेणाऱ्या व्यवस्थेला विकास म्हणण्याचे कारण नाही.

तेव्हा कार्यक्रम स्पष्ट असला पाहिजे. पहिले, डोंगरउतारावरील प्रत्येक वाडीची पाहणी भूशास्त्रज्ञांनी ग्रामस्थांसह करावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. दुसरे, ज्या वाड्या हलवणे अटळ आहे त्यांचे पुनर्वसन दरड येण्यापूर्वी व्हावे, आणि ते शेतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर व्हावे. तिसरे, घराचा आकार जमिनीवर ठरू नये, माणसांच्या संख्येवर ठरावा, आणि घर पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावे. चौथे, वर्षातील बहुतेक काळ बंद राहणाऱ्या घरांवर अधिक दराने कर बसवावा आणि ती रक्कम केवळ श्रमिकांच्या भाड्याच्या घरांसाठी राखावी. पाचवे, पवनेच्या प्रत्येक खातेदाराचा हिशेब गाववार जाहीर करून मुदत बांधून मिटवावा. सहावे, बांधकाम ठेकेदाराच्या हाती न देता गावातील गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे शिक्षण देऊन घरवाल्यांकडून करवून घ्यावे.

यांतील एकही मागणी अव्यवहार्य नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो सरकारला उपरती झाली म्हणून केला नाही. दत्ता देशमुख, बाबा आढाव, नागनाथ अण्णा नायकवडी यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा गावोगाव नेली. त्या बळावर कायदा झाला. आणि जेथे ते बळ ओसरले तेथे तोच कायदा कागदावर राहिला.

कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपत्ती आली की कपडे, धान्य आणि औषधे घेऊन धावून जाण्यात चळवळ कधी मागे राहिली नाही. ते कर्तव्यच आहे. पण मदतीची पेटी फिरवणे आणि घराचा हक्क मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला आठ दिवस पुरतात. दुसऱ्याला पावसाळ्याआधीचे आठ महिने वाडीवाडीत बसून नकाशे, सातबारे आणि दावे गोळा करावे लागतात, तहसील कचेरीवर मोर्चे न्यावे लागतात, नगरपरिषदेत कराचा ठराव लावून धरावा लागतो. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. तरीही मावळात पुढची इर्शाळवाडी टाळायची असेल तर याच कामाला लागले पाहिजे, आणि ते पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.