टॉवर बंद पडल्याचं कंपनीला आधी कळतं, मग रेंज यायला तीन दिवस का लागतात?

गावातली रेंज गेली की पहिला समज असा, की कंपनीला अजून कळलंच नसेल. मग कुणीतरी टेकडी चढून कस्टमर केअरला फोन लावतो आणि "तक्रार नोंदवली आहे" एवढं उत्तर घेऊन खाली येतो. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. गावाला कळायच्या आधीच कंपनीच्या स्क्रीनवर त्या टॉवरचा अलार्म आलेला असतो.

प्रत्येक मोबाईल कंपनीची एक मध्यवर्ती कंट्रोल रूम असते. तिला नेटवर्क ऑपरेशन सेंटर किंवा नुसतं 'नॉक' म्हणतात. मोठ्या शहरातल्या एका हॉलमध्ये बसलेली माणसं पाळीपाळीनं 24 तास हजारो टॉवरांवर नजर ठेवतात. टॉवरखालच्या कॅबिनेटमधून तिथं सतत निरोप जात असतात. लाईट गेली, बॅटरी उतरत आली, जनरेटर सुरू झाला, डिझेल कमी आहे, आतलं तापमान वाढलं, दार उघडलं. दाराचा अलार्म मुख्यतः बॅटरीचोरांसाठी.

आता लाईट जाते तेव्हाचा क्रम बघा. लाईट गेल्याचा अलार्म लगेच जातो. टॉवर मात्र चालूच राहतो, कारण 48 व्होल्टची बॅटरी त्याला ओढत असते. काही तासांनी बॅटरी उतरल्याचा अलार्म. तोवर लाईट आली नाही आणि जनरेटरही चालला नाही, तर टॉवर बंद. म्हणजे टॉवर मरायच्या कित्येक तास आधी नॉकला अंदाज असतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर डीपी जळाली की लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे हे मधले तास फार मोलाचे.

काही बिघाड नॉकमधूनच निघतात. मशीन अडकलं तर तिथूनच रिसेट करता येतं. पण डिझेल ओतायला, बॅटरी बदलायला, जेसीबीनं तोडलेली फायबर जोडायला माणूसच लागतो. खरं घोडं इथंच अडतं. बऱ्याच ठिकाणी टॉवर, बॅटरी आणि जनरेटर एका कंपनीचे आणि वरचं रेडिओ मशीन दुसऱ्या कंपनीचं. मोबाईल कंपनी टॉवर कंपनीला तिकीट पाठवते, ती ठेकेदाराला कळवते, ठेकेदार टेक्निशियनला. त्या एका माणसाकडे बरेच टॉवर, आणि पावसाळ्यात घाटाचा रस्ता.

दुसरी अडचण अशी, की निरोप नेणारी लिंकच तुटली तर कारण कळत नाही. मधला एखादा हब टॉवर गेला की त्याच्या मागची सगळी गावं एकदम गप्प होतात आणि नॉकच्या स्क्रीनवर अलार्मचा पाऊस पडतो. मूळ दुखणं कुठलं, हे तिथल्या इंजिनिअरला शोधावं लागतं. त्यातही ज्या टॉवरवर ग्राहक जास्त, त्याचा नंबर आधी. चार पाड्यांचा टॉवर रांगेत मागं राहतो.

रांगेत मागं राहिला तरी कुणी जाब का विचारत नाही? कारण नियमांचा हिशेब गावाचा नाही. ट्रायच्या 2009 च्या नियमांत टॉवर बंद राहण्याची मर्यादा 2 टक्के होती. 30 दिवसांच्या महिन्यात 720 तास, म्हणजे साधारण साडेचौदा तास. ऐकायला कडक वाटतं, पण ही सरासरी अख्ख्या सर्कलची, आणि आपल्या सर्कलमध्ये मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. एक टॉवर 72 तास बंद राहिला तर त्याचे 10 टक्के तास गेले. सर्कलच्या सरासरीत ते दिसतही नाहीत.

ऑक्टोबर 2024 पासून नवे नियम लागू झाले. सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि, एप्रिल 2025 पासून, प्रीपेडला वैधता वाढवून मिळते. तरतूद चांगली आहे. पण ती लागू होते जिल्हाभर सेवा ठप्प झाली तर. एकट्या गावाचे तीन दिवस त्यात बसत नाहीत, रिचार्जचे दिवस मात्र संपत राहतात.

आणि प्रश्न फक्त रीलचा नाही. रेंज नसेल तर रेशन दुकानात अंगठा लागत नाही, बँक मित्राचं मशीन चालत नाही, 108 ला फोन लागत नाही. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असेल तर पोरगा मोटारसायकल घेऊन रेंज शोधत फिरतो.

सरकारनं जुलै 2022 मध्ये रेंज नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटींची 4जी योजना मंजूर केली. सप्टेंबर 2025 मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी 4जीचं उद्घाटनही झालं. नवे टॉवर सौरऊर्जेवर आहेत, त्यामुळे डिझेलची कटकट कमी व्हावी. तरी सलग ढगाळ दिवस आले की बॅटरी तिथंही उतरणारच.

महावितरण लाईट जाण्याचा एसएमएस ग्राहकाला पाठवतं. मोबाईल कंपन्यांना हे जास्त सोपं आहे, कारण बॅटरीवरचे ते तास त्यांच्या हातात असतात. "टॉवर बॅटरीवर आहे, संध्याकाळपर्यंत बंद पडू शकतो" एवढा मेसेज सरपंच, आशाताई आणि रेशन दुकानदाराला गेला तर अंगठे आधी उरकता येतील आणि दिवस भरलेल्या बाईला आधीच खाली नेता येईल. माहिती नॉकच्या स्क्रीनवर असतेच, ती फक्त गावाकडे वळवायची आहे.

तोवर गावाच्या हातात एक गोष्ट आहे. रेंज गेल्याची तारीख-वेळ ग्रामपंचायतीत लिहून ठेवावी आणि एकट्यानं नाही, दहा-वीस जणांनी 198 वर आपापली तक्रार करून डॉकेट नंबर घ्यावा. तक्रार न सोडवता बंद केली, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. तेव्हा लिहून ठेवलेली वेळ आणि नॉकमधली अलार्मची वेळ शेजारी ठेवून विचारता येईल: तुम्हाला कधी कळलं, आणि माणूस कधी पाठवला?