मागाहून सुचलेल्या चाचण्या

मा. अध्यक्ष व सदस्य, मानसशास्त्र अभ्यासमंडळ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांस,
मुक्काम सारोळे, तालुका भोर येथून विनंतीपत्र.

नीरा नदीच्या अलीकडे, पुणे-सातारा रस्त्यावर वसलेल्या आमच्या गावी कोणी संशोधक प्रश्नावल्या घेऊन आला, आणि सारोळे, भोर, वेल्हे, शिरवळ व पुणे अशा पाच ठिकाणच्या विद्यार्थ्यांची परीक्षाचिंता त्याने ताडून पाहिली, असे घटकाभर समजावे. पाच गटांच्या दहा जोड्या होतात. आणि गटागटांत वस्तुतः काहीच भेद नसताना प्रत्येक जोडीस 0.05 ही सार्थकतेची पातळी लावून नुसत्या टी-चाचण्या घेत गेल्यास, निदान एक भेद केवळ योगायोगाने सार्थक ठरण्याचा संभव शेकडा 5 न राहता 25च्या वर जातो. याच दोषाच्या निवारणार्थ ट्यूकी, शेफे आदी संख्याशास्त्रज्ञांनी गटांच्या सरासऱ्या एकत्र ताडणाऱ्या अनोव्हा चाचणीनंतर करावयाच्या पोस्ट-हॉक, म्हणजे मागाहूनच्या, चाचण्या सिद्ध केल्या. त्यांविषयी माझी तक्रार नाही. आकडेवारी पाहून नवी शंका सुचणे हा गुन्हाही नव्हे.

परंतु ट्यूकीची चाचणी हिशेब ठेवते तो तिच्या दप्तरी दाखल झालेल्या जोड्यांचाच. मुलगे आणि मुली वेगळ्या काढून पाहिल्या, थोरली-धाकटी भावंडे पाहिली, चिंतेऐवजी आत्मविश्वासाचे गुण घेतले, आणि जे जुळले नाही ते गाळून जे जुळले तेवढेच, जणू पहिल्या दिवसापासून तीच परिकल्पना होती अशा थाटात, प्रबंधात मांडले, तर त्या लपविलेल्या खर्चाची भरपाई कोणत्याही दुरुस्तीने होत नाही. नॉर्बर्ट केर यांनी 1998 साली या रीतीस ‘हार्किंग’ असे नाव दिले. (‘काही निष्पन्न झाले नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हेही या प्रसंगी आठवावे.) 2015 साली मानसशास्त्रातील 100 अभ्यासांच्या पुनरावृत्तीचे फलित प्रसिद्ध झाले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी शेकडा 97 सार्थक असताना पुनरावृत्तीत जेमतेम शेकडा 36 तसे ठरले, त्या घसरणीचे हार्किंग हेच एकमेव कारण नसले, तरी ते गौणही नव्हे.

औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी आपल्या देशात 2009 पासून सक्तीची आहे. तेव्हा त्याच धर्तीवर पीएच.डी.च्या आराखड्यासोबतच परिकल्पना, गट व योजिलेल्या चाचण्या यांची तारीखवार नोंद दाखल करून घ्यावी. मागाहून केलेल्या सर्व तुलना, फसलेल्यासुद्धा, प्रबंधात स्वतंत्र प्रकरणात द्याव्यात. आणि परीक्षकांनी ती नोंद पुढ्यात ठेवूनच प्रबंध तपासावा, अशी तजवीज मंडळाने आगामी बैठकीत करावी, ही विनंती.