अंदमानात आला म्हणजे आरमोरीत आला नव्हे!

परवा मेसमधून जेवून रूमवर आलो तर आमचा रूम पार्टनर कॉम्प्युटरवर अंदमानचे फोटो बघत बसलेला. निळं पाणी, पांढरी वाळू वगैरे. मला म्हणतो, "मेच्या शेवटी पेपर संपले की जाऊ बे. ऑफ-सीझन आहे, पॅकेज स्वस्त भेटते!" ऑफ-सीझन का म्हणतात, विचारलं. "गर्दी नसते म्हणून." वा रे इंजिनिअर!

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

अंदमानला आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा नाहीच. चारी बाजूंनी समुद्र, त्यामुळे पारा वर्षभर २३ ते ३१ अंशांच्या आसपास. आमच्या शेजारचं चंद्रपूर २०१९ च्या मेमध्ये ४८ अंशांपर्यंत गेलं होतं, तसलं काही तिथे होत नाही. घाम मात्र वाळत नाही. पावसाचे सीझन दोन. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे, ते परतले की डिसेंबरपर्यंत ईशान्येचे. वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर! खरे कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. डिसेंबरही भरवशाचा नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेने बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक बेटावर हजारावर पर्यटक अडकले. शेवटी नौदलाला जावं लागलं. (त्या बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे.)

असो. ट्रिप बुडाली तर पैसे बुडतात, एवढंच. आमच्या आरमोरीत याच अंदमानच्या पावसावर धान बुडतो, त्याचं काय?

दरवर्षी नवतपा सुरू व्हायच्या सुमारास पेपरात ठळक बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. उन्हाने जीव नकोसा झालेला असतो, त्यामुळे ती वाचूनच गार वाटतं. मग बाबा विचारतात, "आला म्हणते ना बाबू! पऱ्हे टाकून देऊ का?"

२०२३ मध्ये टाकले. तेव्हा मी बारावीत जाणार होतो. मान्सून १९ मे रोजी अंदमानकडे पोहोचला, म्हणजे २२ मे या नेहमीच्या तारखेच्या आधीच. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे एक वळवाची सर आली आणि बाबांनी बिजाई टाकली. पऱ्हे उगवलेही. पण तिकडे अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठलं, केरळातच पाऊस ८ जूनला पोचला आणि विदर्भात यायला जूनचा चौथा आठवडा लागला. तोवर पऱ्हे पिवळे पडून जळून गेले. बिजाई दुसऱ्यांदा आणली, ती उधारीवर. माझी ट्यूशनची फी त्या वर्षी दिवाळीनंतर भरली.

गंमत अशी की २०२४ मध्येही मान्सून अंदमानला १९ मे रोजीच आला आणि केरळात ३० मे रोजी! तारीख तीच, पुढे नऊ दिवसांचा फरक. २०२५ मध्ये तर १३ मेला अंदमान, २४ ला केरळ, २६ ला मुंबई अशी एक्सप्रेस सुटली आणि मेअखेरीस जी थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत हललीच नाही. अंदमानच्या तारखेवरून केरळची तारीख किंवा देशातला एकूण पाऊस ठरत नाही, हे हवामान खातं स्वतःच सांगतं. आपल्या झाडीपट्टीत बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडवरून येतो. ते केव्हा होतील हे मे महिन्यात कोण सांगणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अंदमानची बातमी छापा, पण 'विदर्भात साधारण जूनच्या मध्याला, पेरणीची घाई नको' ही ओळ तिच्या खालीच छापा. एका ओळीला जागा ती किती लागते? आपल्या होस्टेलमध्ये निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत. त्यांनी घरी फोन करून हवामान खात्याचा आपल्या जिल्ह्याचा अंदाज सांगावा. मी सांगतो.

पार्टनरलाही जानेवारीत जा म्हणालो, तर तेव्हाचे रेट ऐकून त्याने लाइट बंद केला.

बाबांना हे सगळं समजावलं, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तो पेपरवाला पहिल्या पानावर कायले छापते?"